काट्यावरची मराठी

सीमाभागातल्या मराठीविषयी लिहायला बसलेला माणूस हमखास शाळेपासून सुरुवात करतो. मराठी शाळा बंद पडल्या, शिक्षक मिळेनात, पुस्तके वेळेवर येईनात, भोपाळ ऐकत नाही आणि मुंबईला आठवण नाही. मग तो १ नोव्हेंबर १९५६ वर येतो. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख रेषेच्या पलीकडे पडला. ही कहाणी खरी आहे, तिच्यातले दुःखही खरे आहे. पण जवळजवळ सत्तर वर्षे तिची पारायणे करून आपल्या हाती काय लागले? एक ठराव, एक आभारप्रदर्शन आणि चहा.

मला या दिवाळीत दुसरीच फिर्याद मांडायची आहे आणि तिच्यातले आरोपी आपणच आहोत. माझे म्हणणे असे की, आपल्याकडे मराठी जितकी शाळेने राखली त्याहून अधिक पेठेने राखली. आणि पेठेत ती सर्वांत नेटाने राखली सोनार-सराफाच्या लहानशा दुकानाने. ज्याने हे काम केले त्याने ते भाषेवरच्या प्रेमापोटी केले नाही, पोटासाठी केले. म्हणूनच ते इतकी वर्षे चालले. आज ते दुकान मोडते आहे, आणि आपण त्याला नावे तरी ठेवतो किंवा त्याच्या आठवणीने गहिवरतो तरी. त्याचे काम काय होते हे मात्र कुणी विचारीत नाही.

या माणसाविषयी आपल्या लेखनात दोनच सूर लागतात. एक शिवीचा. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण घराघरांत पाठ आहे. दुसरा सूर आरतीचा. 'तेव्हाचं सोनं बावनकशी, तेव्हाची माणसंही बावनकशी' असे म्हणत म्हातारी माणसे डोळे पुसतात. सोनार-संत नरहरीची कथा सांगितली की या आरतीला कापूरही मिळतो. दोन्ही सूर लावणाऱ्यांनी ती गादी, तो काटा आणि ती वही नीट पाहिलेली नाही.

गादी, बागेसरी आणि छोटी लाईन

बोरगाव हे सौंसर तहसिलीतले, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे गाव. आज ते औद्योगिक क्षेत्रामुळे आणि रेमंडच्या कारखान्यामुळे ओळखले जाते. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला तेव्हा सौंसर तहसिलीबरोबर तेही नव्या जिल्ह्यात आले. कारखान्याआधीचे बोरगाव आणि त्याच्याभोवतीचा रामाकोना, लोधीखेडा, मोहगाव हा टापू डोळ्यांपुढे आणा. कापूस, ज्वारी, तूर, संत्र्यांचे बगीचे, आठवडी बाजार. आणि बाजाराच्या वाटेवर एखादे दुकान, ज्याला पाटी नाही. पाटीची गरज नव्हती, कारण येणाऱ्या प्रत्येकाला दुकानदार माहीत होता आणि दुकानदाराला येणाऱ्याचे तीन पिढ्यांचे घर.

पुढे ओटा, आत गादी, गादीपुढे लाकडी पेटी. पेटीत हातात धरायचा काटा, लहान वजने, गुंजांची डबी आणि कस लावायचा काळा दगड. मागच्या खोलीत बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी. फुंकणी, मूस, ऐरण, चिमटे, तार ओढायचे जंतर, डाग लावायला टाकणखार. लहान गावात विकणारा आणि घडवणारा पुष्कळदा एकाच घरचा. एक भाऊ गादीवर, दुसरा बागेसरीपुढे, आणि घरातली पोरे संध्याकाळी जमीन झाडून केर राखून ठेवणारी. त्या केरातही पैसा असे. झारेकरी येई, तो केर विकत घेई, धुऊन-गाळून त्यातला सोन्याचांदीचा कण काढी. जिथे केरसुद्धा विकला जातो तिथे उधळपट्टीला जागा नसते, हे त्या धंद्याचे पहिले व्याकरण.

निव्वळ सोन्यावर असे दुकान चालत नसे. खरा माल चांदीचा. तोडे, वाळे, सरी, जोडवी, पोरांच्या करगोट्याच्या घागऱ्या, देव्हाऱ्यातले टाक. सोने म्हणजे डोरले, पोत, एकदाणी, नथ. सधन कुणब्याच्या किंवा मालगुजाराच्या घरी पाटल्या आणि गोफ. बाळाचे कान टोचायला सोनारच हवा. त्याशिवाय का 'सोनारानेच कान टोचावे' अशी म्हण पडली! लग्नाच्या याद्यांपासून देव उजळण्यापर्यंत घरातल्या प्रत्येक वळणावर हा माणूस उभा असे. पुष्कळांच्या दुकानात शेजारी भांडी, एखाद्याकडे किराणाही असायचा. दागिना वर्षातून एकदा होतो, मीठ रोज लागते, एवढे गणित त्याला कळत होते.

शुद्ध सोने आणायला तो नागपूरला, इतवारीच्या सराफ्यात जाई. छिंदवाड्याहून सौंसर, लोधीखेडा, सावनेर करीत निघणारी छोटी लाईन इतवारीलाच पोहोचत असे. आमच्या टापूचा सराफ आणि इतवारीचा सराफा यांना त्या अरुंद रुळांनी बांधून ठेवले होते. ती गाडी २०१५ साली मोठ्या रुळांसाठी बंद झाली. पांढुर्णेकरांना दिल्ली-मद्रास मार्गाची मोठी गाडी आधीपासून होती. गाडी लहान असो की मोठी, व्यापाराचे तोंड दक्षिणेकडे, नागपूरकडे होते. राज्याची राजधानी उत्तरेला गेली तरी भाव इतवारीहूनच येत राहिला. आणि भावाबरोबर भाषा येते.

वर्षाचे चक्र

या दुकानाचे वर्ष पंचांगापेक्षा शेतावर चाले. जून उजाडला की बी-बियाणे, बैल आणि मजुरी यांसाठी पैसा लागे, आणि घरातला दागिना गहाण पडे. श्रावणात सणांची ओढ, पोळ्याला बैलांचा साज, मग महालक्ष्म्या. दसरा-दिवाळीनंतर कापूस घरी येई, पाठोपाठ आंबिया बहाराची संत्री, आणि गहाण सुटू लागे. हिवाळा सरता सरता लग्नसराई, म्हणजे नवी घडणावळ. चैत्र-वैशाखात दुकान भरलेले, ज्येष्ठाच्या शेवटी तिजोरीत पुन्हा दुसऱ्यांचेच दागिने. एकच एकदाणी एका बाईच्या आयुष्यात पंधरा वेळा त्या गादीवर येई आणि पंधरा वेळा परत जाई. सोळाव्यांदा ती परत गेली नाही, तर त्या घराचे काय झाले हे गावाला विचारावे लागत नसे.

गहाण ठेवलेली वस्तू फडक्यात बांधून, चिठ्ठी लावून ठेवलेली. रोजमेळ, खतावणी आणि गहाणाची वेगळी वही. कुणी मोडीत लिही, कुणी बाळबोधीत, मारवाडी पेढीवर मुडियात. लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची, शुभ-लाभ लिहायचे आणि जुनी बाकी पुढे ओढायची. ही 'पुढे ओढलेली बाकी' म्हणजे या टापूतल्या सामान्य माणसाचे लिहिलेले एकमेव चरित्र. राजांच्या बखरी झाल्या, मालगुजारांचे वाडे राहिले. वडगावच्या एखाद्या कोरडवाहू कुणब्याने कोणत्या साली काय सोसले हे फक्त इथे लिहिले गेले.

ती वही वाचायची तर वजने माहीत हवीत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. हा तोळा ११.६६ ग्रॅमचा. दशमान पद्धती १९५८ पासून येऊ लागली, तोळा कायद्यातून गेला, पण तोंडातून गेला नाही. आज आपण दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. भावही दहा ग्रॅमचाच असल्याने यात कुणी बुडत नाही. पण आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या आणि नातीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या यांत आठ ग्रॅमांहून अधिक फरक आहे, हे नातीला ठाऊक नसते.

बाई बोलत होती म्हणून

आता भाषेचा मुद्दा. दागिना कुणाचा? बाईचा. पैसे पुरुष देई, गहाण टाकायचे पुरुष ठरवी. पण नथ कोणत्या घाटाची, डोरल्याच्या वाट्या केवढ्या, काट्यावर किती भरले, हे पाहायला बाई ओट्यावर येऊन बसे. ती शाळेत गेली नव्हती. कचेरीत तिचे काम नव्हते. हिंदी तिला फार तर ऐकून कळे. तिचा सारा व्यवहार, सारी शंका, सारे भांडण मराठीत. तेही आपल्या नागपुरी वळणाच्या मराठीत. गादीवरचा म्हणे, "माय, दोन मासे कमी भरते पाहा." ओट्यावरून लगेच उत्तर येई, "कमी कसं भरते जी? मांगच्या पोयाले तुमीच त तौलून देल्लं होतं!"

या एका वाक्यात केवढी ताकद आहे पाहा. तिला वजन आठवते, सण आठवतो, मोजणारा आठवतो आणि ते सांगायला शब्द आहेत. या बाईला समजेल अशा भाषेत बोलल्याशिवाय दुकान चालणार नव्हते. म्हणून जैन असो, मारवाडी असो, बुंदेलखंडाकडून आलेला सोनी असो, गादीवर बसला की तो मराठी शिकला. त्याच्या घरात वेगळी भाषा असेल, त्याच्या वहीत वेगळी लिपी असेल, पण काट्याची भाषा मराठी होती. कोणत्याही सरकारने त्याच्यावर ती लादली नव्हती. गिऱ्हाईक लादत होते.

आणखी एक गोष्ट. पटवाऱ्याच्या खसऱ्यात बाईचे नाव क्वचित सापडे. जमीन बापाची, नवऱ्याची, मुलाची. हिंदू बाईला मिळकतीवर पूर्ण मालकी कायद्याने मिळाली १९५६ साली. त्याआधी आणि त्यानंतरही किती वर्षे तिच्या नावाचे काही लिहिलेले असेल, तर ते सराफाच्या वहीत. कधी नावाने, कधी 'अमक्याची माय', 'तमक्याची धाकटी सून' अशा ओळखीने. स्त्रीधन हा शब्द शास्त्रात होता. त्याची नोंद या वहीत होती. सीमाभागातल्या मराठी स्त्रियांचा इतिहास लिहू म्हणणाऱ्यांनी किती वह्या उघडल्या, हे मी आदरपूर्वक विचारतो.

लुटारू कोण?

आता शिवीकडे वळू. सोनार चोर, सराफ रक्तपिपासू. छप्पनच्या काळात, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात, आणि त्याआधी १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात माणसे चांदी घेऊन बाजारात आली आणि ती मातीमोल गेली, ही आठवण कित्येक घरांत अजून आहे. चांदी मातीमोल घेतली कुणी? समोर दिसत होता तो सराफ. म्हणून शाप त्याला.

पण १८९३ साली काय झाले ते पाहा. तोवर सरकारी टांकसाळीत चांदी नेली की तिचे रुपये पाडून मिळत. तोळाभर चांदीचे तोडे म्हणजे जवळजवळ एक रुपयाच, फक्त पायात घातलेला. शेतकऱ्याने चांदी जमवली ती याच भरवशावर. जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी जनतेच्या चांदीला बंद केल्या. विलायतेला भरायच्या रकमांसाठी रुपयाचा दर सावरायचा होता. रुपया सावरला; चांदी कोसळली. १८९९ च्या सुमारास रुपयात जेवढी चांदी असे तिची बाजारात किंमत दहा आण्यांच्या आसपास उरली होती. म्हणजे दुष्काळ येण्याआधीच शेतकऱ्याच्या बायकोच्या पायातला रुपयातला सहा आणे भाग एका हुकमाने काढून घेतला गेला होता. बोरगाव-सौंसरच्या सराफाने त्यात आपला नफा घातला असेल, घातलाच असेल. पण मोठी चोरी त्याच्या काट्यावर झालेली नव्हती. त्याच्या काट्यावर ती फक्त दिसली.

दुसरा घाव आपल्याच सरकारचा. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले. चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी. बावीस कॅरट म्हणजे शंभरात सुमारे ९२ भाग सोने. चौदा कॅरट म्हणजे ५८. रंग उतरलेला, घडवायला कडक. डोरल्याच्या वाट्या आणि गोफाची वीण ज्या हातांना येत होती त्यांना सरकारने एका रात्रीत गुन्हेगार तरी केले किंवा बेकार तरी. देशभरात सोनारांचे संसार मोडले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. चौदा कॅरटची अट १९६६ साली सुटली, पण १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा आला: परवाने, प्रमाणपत्रे, नोंदवह्या, तपासण्या. तो रद्द झाला १९९० साली. सत्तावीस वर्षे! एका पिढीने बागेसरी विझवली आणि पोरांना मास्तर, कारकून, कारखान्यातला कामगार केले. तस्करी थांबली नाही, सोन्याची हौस थांबली नाही. थांबला तो लहान गावचा घडवणारा हात. मोठ्या पेढ्या तगल्या. बारामतीची १८२७ ची पेढी, सांगलीची १८३२ ची पेढी आज शहरोशहरी दिमाखाने उभ्या आहेत आणि त्यांचे कौतुकच आहे. पण बोरगावच्या बागेसरीचे स्मारक कुठे नाही.

आरतीही नको

म्हणून मी त्याची आरती ओवाळायला निघालो आहे असे कुणी समजू नये. दरमहा शेकडा दीड-दोनचे व्याज साधे समजले जाई. वर्षाचे अठरा-चोवीस टक्के. दोन पिके बुडाली की दागिना गेला, आणखी दोन बुडाली की बगीचा. मध्यप्रांताला १९३३ साली कर्जसमेटाचा आणि १९३४ साली सावकारांवरचा कायदा करावा लागला तो काही उगाच नाही. त्याच्या साठ वर्षे आधी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि वह्या जाळल्या. दख्खनच्या त्या दंग्यांत माणसांपेक्षा कागदच जास्त जळले. त्या लोकांना नेमके ठाऊक होते की आपली मान कशात अडकली आहे.

आणि ओट्याची गोष्टही सांगितली पाहिजे. गादीवर कोण टेकू शके, ओट्यावर कोण बसे आणि ओट्याखाली उन्हात कोण उभे राही, हे जातीने ठरलेले होते. खाली उभ्या असलेल्या बाईची चांदी वरून खाली बोट न लावता घेतली जाई आणि पैसे वरून टाकले जात. तिचेही वजन त्याच काट्यावर झाले, पण काटा तिला जवळून दिसला नाही. 'तेव्हाची माणसं बावनकशी' म्हणणाऱ्यांनी हा कस आधी लावून पाहावा.

मग त्या जगात काय राखण्यासारखे होते? प्रामाणिकपणा नव्हे, तो माणसागणिक कमीजास्त असतो, तेव्हाही होता, आजही आहे. राखण्यासारखी होती ती विचारण्याची सोय. दुकानदार त्याच गल्लीत राहत होता. त्याची पोर त्याच गावात द्यायची, त्याची तिरडी त्याच खांद्यांवर निघायची. खोटे मापले तर बाजाराच्या दिवशी ओट्यावर चार बाया जमून त्याच्या सात पिढ्या उद्धरतील ही धास्ती त्याला होती. विश्वास म्हणतात तो असा तयार होत होता: शेजाराने, लाजेने आणि दोघांना येणाऱ्या एका भाषेने. यातले शेवटचे गेले की पहिल्या दोघांना दात राहत नाहीत.

आजचा काउंटर

आज हॉलमार्क आहे. २००० साली तो सुरू झाला, २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी खुणेशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हे उत्तम झाले. शुद्धतेसाठी कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. ओट्याखाली उभ्या राहणाऱ्या बाईच्या नातीला तर हे फार मोठे दान आहे. तिलाही तीच खूण मिळते जी मालगुजाराच्या नातीला. जुन्या काळासाठी गळा काढणारे हे विसरतात.

पण खूण शुद्धता सांगते, बाकीचे सांगत नाही. घडणावळ किती टक्के आणि कशावर? खड्याचे वजन सोन्यात धरले का? मोडीत घालताना घट किती? तीन टक्के जीएसटी कोणत्या रकमेवर? उद्या परत आणला तर भाव कोणता? हे प्रश्न आजही विचारावेच लागतात आणि २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखापलीकडे गेल्यावर तर एकेका प्रश्नाची किंमत हजारांत आहे. बिल इंग्रजीत, विकणारी पोर हिंदीत बोलते, आणि गिऱ्हाईक? गिऱ्हाईक मान डोलावते.

आता माझी खरी तक्रार ऐका. नागपूरच्या किंवा छिंदवाड्याच्या चकचकीत दुकानात जाऊन उभे राहा. काउंटरमागची मुलगी काटोलची, सावनेरची, नाहीतर आपल्या सौंसरचीच. काउंटरपुढची सून पांढुर्ण्याची. दोघींची आई मराठी, दोघींचे घर मराठी. आणि बोलतात काय? 'इसमें लेटेस्ट दिखाइए ना.' कुणी सक्ती केली? कोणत्या भोपाळने? हिंदीशी माझे भांडण नाही. ती आपल्या शेजाऱ्याची, मित्राची, पुष्कळदा सुनेची भाषा आहे, आणि बुंदेलखंडी सोन्याने आपली मराठी शिकली तेव्हा त्याचे काही कमी झाले नाही. माझे भांडण आहे ते आपल्या या घाईशी. जी भाषा एका निरक्षर बाईने दुकानदाराला शिकायला लावली, ती तिच्या पदवीधर नातीला काउंटरवर तोंडातून काढायची लाज वाटते.

गहाणाचेही तेच. सावकार गेला, सोनेतारण कंपन्या आल्या. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, पावती आहे, तिजोरी आहे. हे सगळे चांगले. कर्ज थकले तर लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. आपल्या जिल्ह्यात स्थानिक भाषा कोणती? हा प्रश्न आपण विचारलेलाच नसल्यामुळे उत्तर दुसऱ्यांनी देऊन टाकले आहे. ज्या म्हातारीला हिंदी जाहिरात वाचता येत नाही तिच्या पाटल्यांचा लिलाव पूर्ण कायदेशीर असतो.

शब्दांचे नुकसान वेगळेच. 'कसाला लागणे', 'कसोटीला उतरणे', 'मुशीतून निघणे', 'गुंजभरही कमी नाही', 'तोळामासा प्रकृती', 'बावनकशी', 'सोळा आणे खरे', 'पारख', 'खोटे नाणे'. आपण चारित्र्याविषयी, प्रकृतीविषयी, सत्याविषयी बोलतो ते या दुकानातले शब्द उसने घेऊन. मूस न पाहिलेल्या पोराला 'मुशीतून निघालेला माणूस' म्हणजे काय हे टीप देऊन सांगावे लागते. ज्या शब्दाला टीप लागते तो शब्द घरात राहायला पाहुण्यासारखा येतो.

वही रद्दीत घालू नका

तर करायचे काय? पुन्हा ठराव नको. तीन साध्या गोष्टी सुचवतो. तिन्हींना सरकारी मंजुरी लागत नाही.

पहिली, वह्या. सौंसर, पांढुर्णा, बोरगाव, मोहगावच्या जुन्या घरांत माळ्यावर लाल फडक्यात बांधलेल्या वह्या आहेत. वाटणीच्या वेळी, घर पाडताना, त्या रद्दीत जातात. घालू नका. आपल्यातल्या ज्यांना संगणक आणि मोबाईल वापरता येतो त्यांनी पानापानाचे फोटो काढावेत. कर्जदारांची नावे झाकून ठेवा, कुणाच्या आज्याची अडचण चव्हाट्यावर यायला नको. पण साल, जिन्नस, वजन, भाव आणि व्याज एवढे जरी उतरवले तरी या टापूचा असा इतिहास हाती येईल जो कोणत्याही गॅझेटियरात नाही. मोडी वाचणारे अजून आहेत. महाराष्ट्रात मोडीचे वर्गही चालतात. आपल्यातली दोन पोरे तिकडे शिकायला पाठवणे एखाद्या सत्कारसमारंभाच्या खर्चात बसते.

दुसरी, काउंटर. दुकानात गेल्यावर पहिले वाक्य मराठीत बोला. भांडणाच्या सुरात नको, आजी बोलत होती तसे सहज. समोरच्याला नाही कळले तर हिंदी आहेच. घडणावळ, घट, वजन यांचा हिशेब मराठीत समजावून मागा, जमल्यास लिहून मागा. दहा गिऱ्हाइकांनी मागितला तर अकराव्याला तो न मागता मिळेल, कारण दुकानदार आजही तोच आहे: ज्या भाषेत पैसा येतो ती भाषा तो शिकतो. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्याच्या या स्वार्थाचा उपयोग करून घेण्यात आहे.

तिसरी, घरातल्या बाईचे सोने. तिच्या दागिन्यांची यादी तिच्याच नावाने, तिला वाचता येईल अशा अक्षरात, वजनासकट लिहून ठेवा. एक प्रत तिच्याजवळ द्या. पूर्वी एवढे काम परका सराफ करीत होता. आज तो राहिला नाही, आणि बिल असते नवऱ्याच्या मोबाईलमध्ये.

शाळा हव्यात. घटनेच्या ३५०-क कलमाने मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगितले आहे, ती मागत राहिले पाहिजे. पण शाळेतून सुटलेले पोर संध्याकाळी बाजारात जाते. तिथे जर मराठीत मीठही मागता येत नसेल, कुणी मागत नसेल, तर सकाळच्या बाराखडीचे ते करील काय? या लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर हळद-कुंकू वाहाल तेव्हा माळ्यावरची जुनी वहीही खाली काढा, धूळ झटका आणि घरातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीला तिच्यातली एक नोंद मोठ्याने वाचायला लावा. अडखळेल. अडखळू द्या, आणि शेजारी बसून गुंज म्हणजे काय ते तिला सांगा.